नाव, आद्याक्षरे आणि पत

शिक्षणसंस्थेचे नाव बदलले की आपल्या लोकांत दोन तट पडतात. एका तटाला वाटते की इतिहासाचे एक ऋण फिटले. दुसऱ्याला वाटते की आपल्या पदवीच्या कागदाची किंमत उतरली. महिना-दोन महिने पत्रे, निवेदने, सभा होतात. मग नवी पाटी लागते आणि रिक्षावाला पुढची वीस वर्षे जुन्याच नावाने सवाऱ्या नेत राहतो. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ही संस्था स्वतःविषयी लोकांना नेमके काय सांगते आहे, कोणाला सांगते आहे, आणि ते खरे आहे का?

गेल्या तीसेक वर्षांत महाराष्ट्रातल्या नामवंत तंत्रशिक्षण संस्थांनी आणि विद्यापीठांनी नावे बदलली, बोधचिन्हे बदलली, माहितीपुस्तके गुळगुळीत कागदावर छापली. या संस्थांचे माजी विद्यार्थी आपल्या मंडळांतून ठायी ठायी भेटतात, म्हणून हा विषय इथे काढतो आहे. मी स्वतः ज्या महाविद्यालयात शिकलो त्याचे नाव या लेखात येणार नाही. तेव्हा कोणाच्या बाजूने किंवा कोणावर राग धरून लिहिले आहे, असा संशय वाचकांनी घेऊ नये.

सुरुवात माटुंग्यापासून करू. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. प्रथम भायखळ्याला होती, १९२३ मध्ये माटुंग्याला आली. मुंबईच्या कापडगिरण्यांना जाणता माणूस हवा होता, तो तिने शंभर वर्षे पुरवला. १९९७ मध्ये तिचे नाव वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाले. व्ही, जे, टी, आय ही चारही इंग्रजी अक्षरे जागच्या जागी राहिली, फक्त त्यांच्या मागची माणसे बदलली. राणी गेली, राजमाता आली, 'टेक्निकल'चे 'टेक्नॉलॉजिकल' झाले, आणि लेटरहेडवरच्या आद्याक्षरांना धक्काही लागला नाही.

निव्वळ कारागिरी म्हणून पाहिले तर हा बदल फार हुशारीने केलेला आहे. आमच्या धंद्यात एखादी प्रणाली चालू ठेवून तिचा आतला भाग बदलायचा असतो, तेव्हा बाहेरच्या जगाला दिसणारी खूण कायम ठेवतात, म्हणजे त्या खुणेवर अवलंबून असलेले कोणी अडत नाही. इथे तेच झाले. जुन्या माजी विद्यार्थ्याला आपली ओळख नव्याने सांगावी लागली नाही, आणि परदेशातल्या विद्यापीठाला नवे नाव शिकावे लागले नाही. पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या माउलीच्या सन्मानासाठी हे नाव दिले, तिचे नाव किती जणांच्या तोंडी आले? भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनलाही जिजामातेचेच नाव दिले गेले, आणि मुंबईकर आजही मुलांना 'राणीच्या बागेत' नेतो. तिथे निदान 'जिजामाता उद्यान' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माटुंग्याला मात्र 'व्हीजेटीआय' हे चार अक्षरांचे नाणे इतके गुळगुळीत झाले आहे की त्यावर कोणाचा छाप आहे हे कोणी पाहत नाही. आद्याक्षरे वाचली म्हणून संस्थेची पत वाचली, आणि त्याच कारणाने सन्मान पाटीवरच थांबला. एकाच युक्तीचे हे दोन परिणाम आहेत.

माटुंग्यालाच दोन पावलांवर दुसरे उदाहरण आहे. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रसायन तंत्रशास्त्राचा विभाग काढला. इंग्रजी नावाची आद्याक्षरे यूडीसीटी. 'डी' म्हणजे डिपार्टमेंट, म्हणजे विद्यापीठाचा निव्वळ एक विभाग. परंतु रंग, औषधे, प्लास्टिक, तेले या उद्योगांत या 'विभागा'चा दबदबा असा होता की भल्याभल्या विद्यापीठांना त्याचा हेवा वाटावा. डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. रेड्डीज कंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी, मुकेश अंबानी ही सगळी इथलीच मंडळी. पुढे स्वायत्तता आली आणि २००२ मध्ये यूडीसीटीची यूआयसीटी झाली. २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि यूआयसीटीची आयसीटी झाली. सहा वर्षांत दोन नावे!

यातला प्रत्येक बदल प्रशासनाच्या दृष्टीने अचूक होता. विभाग राहिला नाही म्हणून 'डी' गेला, विद्यापीठापासून वेगळी झाली म्हणून 'यू' गेला. पण अचूकपणा एक आणि ओळख दुसरी. 'आयसीटी' ही अक्षरे आज निम्म्या जगात माहिती व दूरसंचार तंत्रज्ञानासाठी वापरली जातात. रसायनाचा वासही त्यांना नाही. शोधनिबंधांचा हिशेब ठेवणाऱ्याला एकाच प्रयोगशाळेचे काम तीन वेगवेगळ्या नावांखाली शोधावे लागते. आणि या संस्थेतून कोणत्याही काळात बाहेर पडलेला पन्नाशीच्या पुढचा माणूस विचारा, तो छातीवर हात ठेवून 'यूडीसीटी' असेच सांगेल. विभाग असणे हा त्याला कमीपणा वाटला नव्हता. कमीपणा वाटला तो नियमावलीला.

तिसरे उदाहरण पुण्याचे, आणि ते मला सर्वांत उद्बोधक वाटते. १८५४ मध्ये सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे कर्मचारी पुरवण्यासाठी जो वर्ग निघाला, तोच वाढत वाढत १९११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथलेच विद्यार्थी. मराठीत आपण त्याला 'शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय' म्हणत असू आणि बोलताना 'सीओईपी'. २०२२ मध्ये त्याला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि कायद्याने नाव ठरले 'सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी'. आता या नावाचा विग्रह करून पाहा: कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे, टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. महाविद्यालय विद्यापीठाच्या पोटात, अभियांत्रिकी तंत्रज्ञानाच्या पोटात. व्याकरणाच्या मास्तरांनी कान पिळावा असे हे नाव आहे.

तरीही या तिन्हींत सर्वांत प्रामाणिक नाव मी यालाच म्हणेन. कारण ते उघडपणे कबूल करते की लोकांच्या मनात जी पत आहे ती 'सीओईपी' या चार अक्षरांची आहे, आणि विद्यापीठपद ही नंतर जोडलेली शेपटी आहे. यूडीसीटीने आपली ओळख नियमाला जुळवून घेतली, सीओईपीने नियमालाच ओळखीशी जुळवून घ्यायला लावले. भाषा थोडी बिघडली, पण पुढच्या पिढीला आजोबांचे कॉलेज शोधावे लागणार नाही.

नाव देणाऱ्यांचे हेतू

कोणी म्हणेल, नावांची ही बाजारू काळजी आजची आहे, पूर्वीचे लोक असल्या गोष्टींच्या पलीकडे होते. तसे नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात शाळा काढली, तिचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल' ठेवले. स्वभाषेचा कैवार घेणाऱ्या 'निबंधमाला'कारांची शाळा, आणि नाव इंग्रजी! त्यात दिखाऊपणा नव्हता. पालकाला जे शिक्षण हवे होते ते इथे मिळेल आणि ते सरकारी किंवा मिशनऱ्यांच्या शाळेपेक्षा निराळ्या माणसांकडून मिळेल, एवढे दोन्ही त्या तीन शब्दांत होते. पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, डेक्कन एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव त्याला दिले. राष्ट्रीय शिक्षणाचे स्वप्न पाहणाऱ्या मंडळींनी गव्हर्नराचे नाव घेतले, कारण सरकारची मान्यता आणि संस्थानिकांच्या देणग्या त्या नावाच्या आश्रयाने येणार होत्या. हा सरळ सरळ जनसंपर्क होता.

महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एका मुलाने आईच्या नावासाठी त्या काळचे पंधरा लाख रुपये दिले. आज लाखो मराठी घरांत 'एसएनडीटी' हा शब्द आहे; त्यातला 'एन' म्हणजे नाथीबाई, हे किती घरांत ठाऊक आहे? कर्व्यांचे नाव विद्यापीठाच्या नावात नाही, आणि तरीही ते विद्यापीठ कर्व्यांचे म्हणूनच ओळखले जाते. ज्यांचे नाव आहे त्या अक्षरांत हरवल्या, आणि ज्यांचे नाही ते लक्षात राहिले.

यावरून 'नावात काय आहे' असा निष्कर्ष काढून हात झटकणे सोपे आहे. ती चूक कोणी करू नये म्हणून मराठवाड्याची आठवण करून देतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्यांची घरे त्या नावासाठी जळली त्यांना 'नावात काय आहे' असे विचारण्याचा अधिकार माटुंग्याच्या किंवा डब्लिनच्या सुखवस्तू माणसाला नाही. विद्यापीठाच्या कमानीवरचे ते नाव म्हणजे 'या दारातून आत जाण्याचा माझाही हक्क आहे' या म्हणण्याची पावती होती.

मग त्याच विद्यापीठाला आज सर्रास 'बामू' म्हणतात याची खंत वाटली पाहिजे. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. ज्या शहरात त्यांच्या अंगावर शेण फेकले गेले, त्या शहराने उशिरा का होईना केलेली ही भरपाई होती. आता तरुण मुले त्याला 'एसपीपीयू' म्हणतात. मला यात कोणाचा खोडसाळपणा दिसत नाही. लांब नावाचा हा नैसर्गिक शेवट आहे. जेवढा मान द्यायचा तेवढे शब्द वाढवायचे, आणि जेवढे शब्द वाढतील तेवढ्या लवकर त्यांची आद्याक्षरे होतील. मुंबईचे स्टेशन आधी 'व्हीटी' होते, मग 'सीएसटी' झाले, २०१७ मध्ये 'महाराज' शब्द जोडल्यावर 'सीएसएमटी' झाले. आदर वाढवला आणि पदरात एक इंग्रजी 'एम' पडला.

हे ज्यांनी वेळीच ओळखले त्यांचे उदाहरण कोल्हापूरला आहे. १९६२ मध्ये तिथे विद्यापीठ झाले आणि नाव ठेवले 'शिवाजी विद्यापीठ'. मार्च २०२५ मध्ये त्याचे नाव 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' करावे या मागणीसाठी कोल्हापुरात मोर्चा निघाला. त्याला विरोध करणाऱ्या कोल्हापूरकरांनी जो मुद्दा मांडला तो मला संपूर्ण पटतो. त्यांचे म्हणणे असे की, हे नाव अपुरे नाही, विचारपूर्वक आटोपशीर ठेवलेले आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे 'एमएसयू' झालेले तेव्हाच्या जाणत्यांनी पाहिले होते, म्हणून त्यांनी असे नाव निवडले की कोणाला ते तोडताच येऊ नये. साठ वर्षे शेतकऱ्याच्या पोरापासून कुलगुरूपर्यंत प्रत्येकाच्या तोंडून 'शिवाजी' हा पूर्ण उच्चार होतो आहे. यापेक्षा मोठा सन्मान कोणता? ज्याला नावाने मान द्यायचा आहे त्याने नाव उच्चारले जाईल अशी व्यवस्था करावी. ही एवढी साधी कसोटी आपल्या नामकरण समित्यांनी लावली, तर पुष्कळ गोष्टी सुधारतील.

इकडची उदाहरणे

अमेरिकेत याहून फार शहाणपण आहे असे नाही. आमच्या डब्लिनहून टेकडी ओलांडली की हेवर्ड लागते. तिथले राज्य विद्यापीठ 'कॅल स्टेट हेवर्ड' म्हणून ओळखले जाई. २००५ मध्ये त्याचे 'कॅल स्टेट ईस्ट बे' झाले. एका गावाचे विद्यापीठ न राहता साऱ्या पूर्व किनाऱ्याचे व्हावे, हा हेतू चांगला होता. पण 'ईस्ट बे' म्हणजे काय हे खाडीच्या आसपास राहणाऱ्याला कळते. पुण्याच्या किंवा शिकागोच्या माणसाला हेवर्ड निदान नकाशावर सापडत होते.

२०१२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाने एक नवे बोधचिन्ह पुढे आणले. जुन्या मुद्रेत उघडे पुस्तक आहे, तारा आहे, प्रकाशाचे किरण आहेत. नव्यात एक रंगीत 'यू' आणि त्याच्या तळाशी विरत जाणारा 'सी' होता. विद्यार्थी व माजी विद्यार्थी खवळले, पन्नास हजारांहून अधिक सह्या जमल्या आणि डिसेंबरातच ते चिन्ह मागे घेतले गेले. विद्यापीठाचे म्हणणे होते की जुनी मुद्रा जातच नव्हती, पदवीपत्रांवर ती राहणारच होती. ते खरेही होते. पण ते आधी कोणाला सांगितलेच नव्हते. बोधचिन्ह वाईट होते की बरे हा रुचीचा प्रश्न आहे. ज्यांचे विद्यापीठ त्यांना सर्वांत शेवटी कळले, ही चूक मात्र निर्विवाद.

याच्या उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयाचे पाहा. संस्थापक सेरॅनस हेस्टिंग्ज यांचा एकोणिसाव्या शतकात युकी आदिवासींच्या कत्तलींशी असलेला संबंध पुढे आल्यावर बरीच वर्षे चौकशी व चर्चा झाली, कायदा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून ते नाव गेले. विरोध झाला, खटलाही झाला. पण संस्था नाव का बदलते आहे हे वाचणाऱ्याला कळत होते. कारण सांगितलेले नामांतर लोक पचवतात, निदान त्यावर समोरासमोर भांडतात. कारण न सांगितलेल्या नामांतराची थट्टा होते.

लौकिकाला गुण

आता मुख्य दुखण्याकडे येतो. नाव आणि चिन्ह यांची एवढी धडपड का वाढली? माझ्या मते त्याची मुळे दोन ठिकाणी आहेत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे कर्नाटकात पैसे मोजून जाणारी मुले महाराष्ट्रात राहिली, तालुक्याच्या गावी कॉलेजे निघाली, आणि आज अमेरिकेत असलेल्या आपल्यापैकी अनेकांची वाट त्यातूनच निघाली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याबरोबर जागा भरण्याची चिंता आली आणि चिंतेपाठोपाठ जाहिरात आली. मे-जूनची मराठी वर्तमानपत्रे उघडा; लग्नाच्या मंगल कार्यालयांपेक्षा महाविद्यालयांच्या जाहिराती जास्त.

दुसरे मूळ क्रमवारीत आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये एनआयआरएफ ही क्रमवारीची पद्धत जाहीर केली, पहिली यादी २०१६ मध्ये लागली. अभियांत्रिकीसाठी तिची गुणविभागणी अशी: अध्यापन व साधने ३०, संशोधन ३०, पदवीधरांची निष्पत्ती २०, सर्वसमावेशकता १० आणि 'परसेप्शन' म्हणजे लौकिक १०. हे शेवटचे दहा गुण मला फार खटकतात. ते मिळतात कसे? नोकऱ्या देणाऱ्यांना आणि इतर प्राध्यापकांना विचारून. आता गुवाहाटीच्या प्राध्यापकाला सांगली किंवा नांदेडच्या महाविद्यालयाची काय माहिती असणार? तो ऐकलेली नावे सांगणार. ऐकलेल्या नावाला गुण मिळणार, गुणांनी क्रमांक वर जाणार, वरच्या क्रमांकाने नाव आणखी ऐकू येणार. मंडळाच्या गणेशोत्सवात मायक्रोफोन ध्वनिक्षेपकासमोर आला की जी कर्कश शिट्टी वाजते ती याच तत्त्वावर वाजते. बाहेरून कोणी काही बोललेले नसते. यंत्र स्वतःचाच आवाज ऐकून मोठ्याने ओरडत असते.

उरलेले नव्वद गुणही पुष्कळसे संस्थेने स्वतः भरून पाठवलेल्या माहितीवर अवलंबून असतात. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'कडून श्रेणी मिळवणे हा दुसरा यज्ञ. समिती येणार म्हणून भिंती रंगतात, कुंड्या येतात, फायली तयार होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर सीबीआयने अशा एका तपासणी समितीतल्या मंडळींना लाचेच्या आरोपावरून अटक केली. सगळ्याच समित्या तशा असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या शिक्क्यावर पालक विश्वास ठेवतो तो शिक्काच विकत घेता येतो अशी शंका एकदा आली, की प्रामाणिक महाविद्यालयाची 'अ' श्रेणीही नासते. 'युनिव्हर्सिटी' या शब्दाचेही असेच झाले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने १२३ अभिमत संस्थांना नावातला 'युनिव्हर्सिटी' शब्द काढायला सांगितला. एका शब्दाने पालकाची समजूत किती बदलते हे आयोगालाही ठाऊक होते, असाच याचा अर्थ.

या सगळ्याचा भार कोणावर पडतो? परभणीच्या माझ्या मावसभावाची मुलगी यंदा बारावी झाली. त्याने मला एका महाविद्यालयाचे माहितीपुस्तक पाठवले आणि विचारले, "दादा, तू यातला आहेस, हे कॉलेज कसं आहे सांग." मी ते चाळीसेक पानांचे पुस्तक दोनदा वाचले. इमारती सुंदर होत्या. ठळक अक्षरांत 'शंभर टक्के प्लेसमेंट' होते. मला त्यातून काहीही सांगता येईना.

शंभर टक्के कसे होतात ते एका काल्पनिक वर्गावर दाखवतो. वर्गात ६० मुले. २० जणांनी पुढे शिकायचे किंवा घरचा धंदा पाहायचा म्हणून नाव नोंदवले नाही. १० जणांना गुण कमी म्हणून बसूच दिले नाही. उरले ३०, तिसांनाही नोकरी लागली. झाले शंभर टक्के! त्यातल्या २९ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले असे धरा. सरासरी निघते ५ लाख ३३ हजार, आणि असा पगार वर्गात एकालाही मिळालेला नसतो. छापताना मात्र ४४ लाख मोठ्या टाइपात आणि सरासरी लहान टाइपात. यात एकही आकडा खोटा नाही. आणि मावसभाऊ मुलीच्या चार वर्षांसाठी जमिनीचा तुकडा विकायचा की नाही, हे या आकड्यांवरून ठरवणार आहे.

त्याला कळायला हवे ते एका पानावर मावते. किती जागा, त्यातल्या किती भरल्या. प्रवेश घेतलेल्यांपैकी चार वर्षांत किती पास झाले. कायम नेमणुकीचे शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती. वर्गातल्या सगळ्या मुलांची एका ओळीत मांडणी केली तर मधल्या मुलाला किती पगार मिळाला. वसतिगृह व जेवण धरून चार वर्षांचा एकूण खर्च किती. यातली पुष्कळशी माहिती जाहीर करण्याचे बंधन अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने घातलेलेच आहे. ती जाहीर होतेही, पण इंग्रजीत, सरकारी नमुन्यात, अशा ठिकाणी की पालकाने ती वाचू नये अशीच इच्छा असावी. माहितीपुस्तक समितीसाठी लिहिले जाते, क्रमवारीसाठी लिहिले जाते, परदेशी पाहुण्यांसाठी लिहिले जाते. ज्याच्या पैशावर कॉलेज चालते त्या परभणीच्या माणसासाठी, त्याच्या भाषेत, एक पान लिहिलेले नसते. मराठी असते ते फाटकावरच्या पाटीवर.

आपण इकडे बसून हसावे अशीही स्थिती नाही. डब्लिनमध्ये घर पाहायला गेलात की विकणारा बाई-माणूस स्वयंपाकघराच्या आधी शाळेचा दहापैकी आकडा सांगतो. तो आकडा मुख्यतः चाचण्यांच्या गुणांवरून काढलेला असतो आणि त्या गुणांत आईबापांचे शिक्षण व उत्पन्न दडलेले असते, हे ठाऊक असून आपण त्या आकड्यासाठी लाखभर डॉलर जास्त मोजतो. २०२४ मध्ये इथे एमराल्ड हायस्कूल उघडले. नव्या शाळेला निकाल कुठून असणार? तरी ओळखीच्या घरांतून ती चांगली की वाईट यावर मते ठाम होती. डॉक्टरेट झालेली माणसे परभणीच्या शेतकऱ्यापेक्षा निराळी वागत नाहीत. फरक इतकाच की आपला अंदाज चुकला तर आपण घर विकून दुसरीकडे जाऊ शकतो.

म्हणूनच आपल्यावर थोडी जबाबदारी येते. आपल्या कॉलेजांची पत्रे आपल्याला येतात. नवे सभागृह, नवे प्रवेशद्वार, शताब्दीचा स्तंभ, आणि खाली देणगीचा तक्ता. आपण कौतुकाने चेक लिहितो, कारण पत्रावरची आद्याक्षरे पाहून ऊर भरून येतो. माझी सूचना एवढीच आहे की चेकच्या आधी ते एक पान मागावे. मराठीत, प्राचार्यांच्या सहीने, दरवर्षी. ज्या संस्था खरोखर चांगल्या आहेत त्यांना ते द्यायला अडचण नाही. उलट लौकिकाच्या त्या दहा गुणांपेक्षा हे पान त्यांच्या जास्त उपयोगी पडेल. ज्या नाहीत त्यांना ते लिहिताना तरी आरशात पाहावे लागेल. यूडीसीटीची कीर्ती तिच्या माणसांनी कारखान्यात आणि प्रयोगशाळेत केलेल्या कामातून झाली, 'विभाग' हा साधा शब्द डोक्यावर असताना झाली. ती कोणा जाहिरात कंपनीने करून दिली नव्हती.

मावसभावाला मी शेवटी त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या दोन मुलींचा पत्ता मिळवून दिला आणि सांगितले, पुस्तक बाजूला ठेव, मुलीला घेऊन एक दिवस जा आणि या दोघींशी बोल. किती तास होतात, प्रयोगशाळेत यंत्र चालते का, शिक्षक वर्गात येतात का, हे त्या दहा मिनिटांत सांगतील. तो पुढच्या आठवड्यात जाणार आहे.